मामाजींची तेवीस तोंडं

एका रविवारी सकाळी माझ्या सासऱ्यांचं तोंड गावातल्या तेवीस माणसांच्या डोक्यामागे बांधलेलं होतं, आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार होतो.

या प्रकाराचा रीतसर पंचनामा झाला. आरोपी म्हणून माझं नाव लिहिलं गेलं आणि त्यापुढे कंसात ‘जावई’ असंही लिहिलं गेलं. हेतू चांगला होता, हे मी तेव्हाही ओरडून सांगत होतो. तेव्हा कोणी ऐकलं नाही, म्हणून आता तुम्हाला सांगतो.

मी भद्रावतीला एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे. प्रवेशाचे अर्ज, टीसी, बोनाफाईड ही माझी कामं. त्यातून बराच वेळ उरतो, आणि त्या वेळात मी व्हिडिओ पाहून पाहून एक सॉफ्टवेअर शिकलो. त्यात फोटो टाकला की त्याचं कार्टून होतं! डोळे मोठे, गाल गोल, कडेनं जाड काळी रेघ. महिनाभर फुकट होतं, त्यामुळे त्या महिन्यात मी ओळखीतलं एकही तोंड सोडलं नाही. प्राचार्यांचं कार्टून केलं, पण ते त्यांना दाखवायची हिंमत झाली नाही. शेजाऱ्यांच्या कुत्र्याचं केलं, ते कुत्र्यापेक्षा शेजाऱ्यांसारखंच जास्त दिसायला लागलं. मग उत्साहाच्या भरात बायकोचं, म्हणजे सुनंदाचं केलं आणि तिला न विचारता तिच्या माहेरच्या ग्रुपवर टाकून दिलं.

“हे कोन आहे जी?” सुनंदानं मोबाईल माझ्या नाकाला टेकवत विचारलं.

“तू आहेस.”

“माहे डोळे इतके मोठे आहेत?”

“ती स्टाईल आहे.”

“मंग त्या स्टाईललेच सांगा चहा कराले.”

पुढचे तीन दिवस चहा मी केला. शहाण्या माणसानं इथंच थांबायला हवं होतं.

आता मामाजींविषयी. मामाजी म्हणजे माझे सासरे. (आमच्याकडे जावई सासऱ्यांना मामाजी म्हणतो. मी तर लांबूनच म्हणतो.) त्यांचं गाव मोहर्लीच्या अलीकडे, फाट्यावरून आत, तिन्ही बाजूंनी जंगल. मामाजी तिथले तीस वर्षं पोलीस पाटील होते. ते पद सोडून दहा वर्षं झाली, पण ही गोष्ट त्यांना सांगायला अजून कोणी धजावलेलं नाही. सहा फूट उंची, पांढऱ्या भरघोस मिशा, आणि आवाज असा की त्यांनी घरात पाणी मागितलं तर शेजारच्या दोन घरांतून तांबे येतात. मामाजींना हसताना पाहिलेला माणूस गावात नाही. मामीजींनी, म्हणजे सासूबाईंनी, तरी पाहिलं असेल असं वाटून मी एकदा विचारलं. बिचाऱ्या बराच वेळ आठवत बसल्या आणि मग भाजी निवडायला लागल्या.

मार्च लागला की मोह गळायला लागतो. सकाळी झाडाखाली फुलांचा सडा पडलेला असतो आणि सारं गाव टोपल्या घेऊन वेचायला निघतं. वेचायचं म्हणजे वाकायचं. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, आणि वाघ येतो तो मागून. म्हणून वन खात्यानं गावात हसऱ्या तोंडाचे मुखवटे वाटले होते. मुखवटा तोंडावर नाही, डोक्याच्या मागे बांधायचा. वाघाला वाटतं की हा माणूस आपल्याकडेच बघतोय, आणि तो बिचकतो. साधा उपाय! सगळं गाव बांधायचं, मामाजी सोडून.

“ते दात काढलेलं बेशरम तोंड मी लावू?” मामाजी म्हणायचे. “लोकं काय म्हनतीन? पोलीस पाटील पुढून दम देऊन राह्यला अन् मागून हासून राह्यला!”

त्या वर्षी मात्र प्रकरण गमतीचं राहिलं नाही. एका दुपारी मामीजींचा फोन आला. नाल्याजवळ, मामाजींच्या मोहाच्या झाडांपासून हाकेच्या अंतरावर, वाघाचे पंजे उमटले होते.

“आठ दिवस झाले, तो वाघ तिथीच फिरून राह्यला,” मामीजी रडत होत्या. “अन् तुहा बाप रोज उघड्या डोक्यानं जाऊन राह्यला वो सुनंदा. कोनाचंच ऐकून नाई राह्यला.”

सुनंदानं फोन ठेवला तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. मामाजींची मला भीती वाटते हे खरं, पण म्हणून ते वाघाला देऊन टाकावेत असं मला कधीही वाटलेलं नाही.

आणि त्याच क्षणी मला ती कल्पना सुचली. (माझ्या आयुष्यातल्या सगळ्या आपत्ती याच वाक्यानं सुरू होतात.) मामाजींना परक्याचं हसरं तोंड नको होतं. मग त्यांना त्यांचंच तोंड दिलं तर? स्वतःच्या तोंडाची कोणाला लाज वाटणार! आणि कार्टून केलं की डोळे मोठे होतात, म्हणजे वाघाला ते लांबूनही दिसणार.

“जमन का जी?” सुनंदानं विचारलं. तिच्या आवाजात इतकी आशा होती की मी ‘जमन’ म्हणून टाकलं.

मामाजींचा घरात एकच फोटो होता, पोळ्याच्या दिवशीचा, सजवलेल्या बैलाशेजारी उभे असलेला. तो मी सॉफ्टवेअरमध्ये टाकला. ‘चेहरा सापडला’ असं म्हणून त्यानं बैलाभोवती गोल केला. मी तो पुसला. त्यानं पुन्हा बैलाभोवतीच गोल केला! शेवटी मी बैल कापून टाकला, तेव्हा त्यानं नाइलाजानं मामाजींच्या मिशांभोवती गोल केला आणि तिथंच अडून बसलं. मग मी हातानं दाखवलं, बाबा रे, हे डोळे, हे नाक, हा कान. तासाभरानं त्याला पटलं. ‘डोळे’ नावाची पट्टी मी मुद्दाम शेवटपर्यंत ओढली. ‘हसू’ नावाच्या पट्टीला मात्र मी हातही लावला नव्हता, ती आपणहून शेवटपर्यंत गेली आणि काही केल्या मागे येईना.

मामाजी हसत होते! गाल गुलाबी, डोळे कपबशीएवढे, मिशांची टोकं जिलबीसारखी वळलेली. शिवाय फुकटचा महिना नेमका त्याच दिवशी संपल्यामुळे सॉफ्टवेअरनं त्यांच्या कपाळावर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत ‘ट्रायल व्हर्जन’ असा शिक्का मारला होता.

सुनंदा बराच वेळ बघत राहिली.

“बाबा लहानपनी असे दिसत असन,” ती म्हणाली. मग थोडं थांबून, “नाई. तवाबी नसन दिसत.”

पण वेळ नव्हता. मी तसाच राजूभाऊ फ्लेक्सवाल्याकडे गेलो.

“वाढदिवस का श्रद्धांजली?” राजूभाऊनं स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं.

“दोन्ही नाही.”

“मंग तोंड कायले छापता सर?”

मी सगळं समजावून सांगितलं. त्यानं फोटो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, मग परत फोटो पाहिला. “एक नाई निघत. पुरा शीट घ्या लागते. चोवीस बसतीन. कोपऱ्यात फुलं टाकू का? फुलं फुकट आहेत.”

फुलं नको म्हणालो. शनिवारी दुपारी चोवीस मामाजी पिशवीत घालून, सुनंदाला गाडीवर मागे बसवून मी सासुरवाडीला पोचलो. मामाजी कोणाच्या तरी शेताच्या धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं, भांडण सोडवायला गेले होते. (आता तो अधिकार त्यांना नाही. पण ते आले की दोन्ही बाजू घाबरून आपसात मिटवून टाकतात.) मामीजींनी मुखवटा हातात घेतला आणि त्या चक्क लाजल्या.

“हासून राह्यले!” त्या पदरात तोंड लपवून म्हणाल्या. “किती साजरे दिसतेत!”

एक मुखवटा मामाजींसाठी बाजूला ठेवला. राहिले तेवीस. आणि इथं मी दुसऱ्यांदा डोकं चालवलं. मामाजींना एकट्याला द्यायला गेलो तर ते फेकून देतील, पण सगळ्या गावानं त्यांचं तोंड आदरानं धारण केलेलं पाहिलं तर? छाती फुगेल! नकार द्यायला तोंड राहणार नाही! मामीजींना हे एकदम पटलं. खात्याचे जुने मुखवटे कुठं फाटले होते, कुठं शेळीनं खाल्ले होते, त्यामुळे लोकांनाही हवेच होते. तासाभरात मामीजींनी प्रसाद वाटावा तसे तेवीसच्या तेवीस वाटून टाकले. मामाजींच्या धाकट्या भावाची बायको, वच्छलाकाकू, तेवढ्या कां-कूं करत होत्या. मामाजी त्यांचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ.

“भासऱ्याचं तोंड माह्या डोक्यावर? ना बाप्पा!”

“वाघ पाहाले येईन तवा समजन,” मामीजी म्हणाल्या, आणि काकूंनी घेतला.

रविवारी सकाळी ठरल्याप्रमाणे मामीजींनी मामाजींना चहासाठी मुद्दाम रखडवलं. लोक पुढे गेले. मामाजी आणि मी मागाहून निघालो. मी खिशात त्यांचा मुखवटा घेऊन त्यांच्या मागं मागं, मनातल्या मनात त्यांच्या तोंडून ‘शाब्बास जवाईबापू’ ऐकत चाललो होतो. वळण आलं. वळणापलीकडे मोहाची झाडं. आणि झाडांच्या बुंध्यांमधून, कोवळ्या उजेडात, तेवीस मामाजी आमच्याकडे बघून दात काढत उलट्या पावली जंगलात चालले होते.

मामाजी थांबले. मीही थांबलो. तीस वर्षं पोलीस पाटीलकी केलेल्या माणसानं बेवारस प्रेतं पाहिली, अस्वलानं फाडलेली माणसं पाहिली, पण हे काही पाहिलं नव्हतं.

“कोन हाय रे ते?” मामाजी गरजले.

त्या आवाजासरशी सगळे गर्रकन वळले. तेवीस हसरी तोंडं गायब झाली आणि त्या जागी तेवीस घाबरलेली तोंडं आली. मामाजींनी डोळे चोळले. आपल्याला भास झाला असं समजून ते सावरले आणि म्हणाले, “काई नाई. चाला, कामाले लागा.”

सगळे पुन्हा वळले, आणि पुन्हा तेवीस मामाजी!

त्यानंतर काय झालं ते मी जमेल तसं सांगतो. वच्छलाकाकू गिरमाजींच्या मागं चालत होत्या. गिरमाजी म्हणजे मामाजींचे जुने प्रतिस्पर्धी. मामाजींनी त्यांना दोनदा चौकीवर नेऊन बसवलं होतं, आणि आज ते मामाजींचं तोंड सगळ्यांत कौतुकानं मिरवत होते. काकू वेचायला वाकल्या, मान वर केली, तर समोर हातभर अंतरावर भासरे! लग्न झाल्यापासून काकूंनी भासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर ढळू दिलेला नाही. त्यांनी झटकन पदर नाकापर्यंत ओढला. पदर ओढताना टोपली सुटली. त्यांच्या मागच्या सुनेला काकूंच्या डोक्यावर मामाजी दिसले, तिनं पदर ओढला. तिच्या मागच्या दोघींनी ओढला. बघता बघता झाडाखालच्या सगळ्या बाया एका हातानं पदर, एका हातानं टोपली धरून उभ्या राहिल्या, आणि मोह वेचायला तिसरा हात कोणालाच नव्हता.

पुरुषांचं दुखणं वेगळं. आमच्याकडे सकाळी खर्रा तोंडात गेल्याशिवाय, म्हणजे तंबाखू-सुपारीचा घोटलेला बार भरल्याशिवाय, माणूस माणसात येत नाही. आणि मामाजींसमोर खर्रा खायची गावात कोणाची छाती नाही. पुड्या खिशातून निघायच्या, समोरच्याच्या डोक्यावरचे मामाजी डोळे वटारून बघताना दिसायचे, पुड्या परत खिशात जायच्या. जागा बदलावी तर तिकडंही मामाजीच! एकानं तर सवयीनं मुखवट्याला रामरामही घातला. पाव तास झाला तरी कोणाच्या टोपलीत मूठभर मोह पडला नव्हता.

“पाटील,” गिरमाजी न राहवून म्हणाले, “इतके वर्स तुमी आमच्या मागं लागले होते. आता आमच्या जवाईबापूनं कायमचेच लावून देल्ले!”

मामाजींनी सावकाश माझ्याकडे मान वळवली. माझ्या खिशातून चोविसाव्याची मिशी बाहेर डोकावत होती.

“हे तुमचं काम?”

“मामाजी, मी फक्त कार्टून...”

“कपाळावर काय लिवलं?”

“ट्रायल व्हर्जन.”

“ट्रायल?” मामाजींच्या मिशा थरथरल्या. त्यांना कोर्टकचेरीतली तेवढीच ट्रायल ठाऊक. “माह्यावर कोनती ट्रायल चालू हाय? मी तीस वर्सं लोकांच्या ट्रायली केल्या, अन् तुमी माह्या कपाळावर लिवून गावभर वाटून देल्लं?”

मग मामाजींनी जप्ती केली. तेवीसच्या तेवीस मुखवटे जागेवर उतरवून घेतले, घरी आणले, ओसरीवर ओळीनं मांडले आणि जुन्या वहीतला कागद काढून स्वतःच्या हातानं पंचनामा लिहिला. ‘तोंडं, कागदी, नग तेवीस, हसरी. पैकी एकाची मिशी दुमडलेली. अधिक एक नग आरोपीच्या खिशात.’ पंच म्हणून गिरमाजींनी मोठ्या आनंदानं सही ठोकली. मामाजींकडे आता पंचनाम्याचा अधिकार नाही, हे मला माहीत होतं, गिरमाजींना माहीत होतं, शेजारच्या दोन घरांनाही माहीत होतं. पण बोलायचं कोणी? मी आरोपी म्हणून मुकाट्यानं सही केली. सुनंदा दारात उभी राहून डोळ्यांनीच म्हणत होती, उठा, पळून जाऊ.

मुद्दा असा की मुखवटे सगळे जप्त झाले आणि मामाजी आणखीच हट्टाला पेटले. “उद्यापासून मी एकटाच जाईन. अन् उघड्या डोक्यानंच जाईन. पाहू वाघ माहं काय करते!” मामीजींनी हात जोडले, सुनंदानं समजावलं. मी समजवायला उठलो तर मामाजींनी पंचनाम्याकडे बोट दाखवलं. मी बसलो.

सोमवारी मी रजा टाकून थांबलो होतो, लाजेनं आणि काळजीनं. उजाडता उजाडता मामाजी एकटे गेले, टोपलीभर मोह घेऊन ताठ मानेनं परत आले आणि ‘पाह्यलं?’ असा चेहरा करून चहा प्यायला बसले. नऊच्या सुमाराला वनरक्षक मॅडम आल्या. फक्त म्हणाल्या, “पाटील, जरा चाला. काही दाखवाचं आहे.”

आम्ही सगळेच गेलो. पायवाटेवरच्या फुफाट्यात मामाजींच्या टायरच्या चपलांचे ठसे स्पष्ट उमटले होते, एकामागून एक, झाडापर्यंत गेलेले. आणि त्या ठशांच्या वर वाघाचे पंजे होते. शेजारी नाही, वर. चपलेचा ठसा, त्यावर पंजा, पुन्हा चपलेचा ठसा, पुन्हा पंजा. शंभरेक पावलं तो मामाजींच्या मागं मागं चालत गेला होता. मग नाल्याच्या वळणावर का कोण जाणे, बाजूला वळला होता.

सुनंदानं माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथं निळं पडलं. मामाजी त्या ठशांकडे बघत उभे होते. मी पहिल्यांदाच पाहिलं की हा माणूस म्हातारा आहे.

घरी आल्यावर मामीजी तडक ओसरीवर गेल्या, खुंटीवरचा पंचनामा काढला आणि चुलीत घातला.

“सरकारी कागद हाय तो!” मामाजी सवयीनं म्हणाले.

“जळू द्या,” मामीजी म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज असा चढलेला कोणी ऐकला नव्हता. “तुमची इज्जत मोठी का माहं कुंकू मोठं, ते आज सांगा. नाईतं मी येते उद्या तुमच्या मागून. माह्याच तोंडाचा मुखवटा करा!”

मामाजी दुपारी जेवले नाहीत. ओसरीवर बसून जप्त केलेल्या स्वतःच्या तेवीस तोंडांकडे बघत राहिले, आणि ती तेवीस तोंडं त्यांच्याकडे बघून हसत राहिली. चारच्या सुमाराला त्यांनी हाक मारली.

“जवाईबापू.”

मी जवळजवळ धावतच गेलो.

“लावतो मी. सांगा तुमच्या मामीले, लावतो. पन माहं तोंड नाई चालत. बायांले पदर घ्या लागते, मानसांले घास गिळत नाई. सारा मोह जमिनीवर सडून जाईन. असं तोंड पाहिजे का ज्याचा मान कोनालेच ठेवा लागत नाई. गावात कोनीच ज्याले मोजत नाई असं तोंड.”

सगळे विचारात पडले. गावात अशी कोण कोण माणसं आहेत त्याची उजळणी झाली. पण प्रत्येक जण कोणाचा तरी सासरा होता, नाहीतर कोणाचा तरी भासरा होता. मग हळूहळू एकेक करून सगळ्यांच्या नजरा माझ्यावर येऊन थांबल्या. मामाजींची, मामीजींची, वच्छलाकाकूंची. सुनंदा तेवढी खाली बघत होती, आणि तिचे खांदे हलत होते.

“मामाजी,” मी उरलासुरला स्वाभिमान गोळा करत म्हणालो, “मी जावई आहे. जावयाचा मान असतो.”

“मोठ्या जवायाचा असते,” मामाजी शांतपणे म्हणाले. “तुमी दोन नंबरचे.”

मंगळवारी भद्रावतीला परतून मी माझा फोटो सॉफ्टवेअरमध्ये टाकला. मामाजींचा चेहरा शोधायला त्याला तास लागला होता. माझा फोटो पुरता उघडायच्या आत त्यानं गोल केला, आणि हसू, गाल, डोळे, कशालाही हात न लावता ‘तयार आहे’ म्हणून मोकळं झालं. कपाळावर ‘ट्रायल व्हर्जन’ होतंच. मुखवटे हातात पडल्यावर मामाजींनी तेवढी अक्षरं ओळखली आणि ती योग्य जागी असल्याचं सांगितलं.

शीट पुन्हा चोवीसचाच निघाला. दुसऱ्या दिवसापासून सगळं गाव माझं तोंड मागं बांधून मोह वेचायला लागलं. बायांनी पदर कमरेला खोचले. पुरुषांनी माझ्या डोळ्यांदेखत खर्रे मळले आणि, मला कळलेलं आहे, माझ्या रोखानं थुंकलेही. टोपल्या भरल्या. मामाजी सगळ्यांच्या पुढं, डोक्यामागं मी. मामीजींचा फोन आला की त्या आता रडत नव्हत्या, हसत होत्या. त्या हसण्यासाठी मी माझं तोंड हजारदा दिलं असतं, हे मात्र अगदी मनापासून सांगतो.

पंधरा दिवसांनी वनरक्षक मॅडमनी सांगितलं की वाघ नाला ओलांडून पार दुसऱ्या बाजूला निघून गेला आहे. त्यांच्या मते तिकडं पाणी जास्त होतं. गावाचं मत वेगळं होतं. मामाजी चावडीवर बसून सगळ्यांना सांगत होते की वाघ दोन दिवस मागं मागं आला, तिसऱ्या दिवशी त्यानं जवाईबापूकडे नीट पाहिलं, आणि त्याची जगायची इच्छाच उडाली.

मी सुनंदाला विचारलं, “खरं सांग, मी इतका भयानक दिसतो का गं?”

तिनं मुखवटा हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि प्रामाणिकपणे विचार केला.

“भयानक नाई जी. भयानकाले वाघ कायले भेते? त्याले वाटलं असन, हे कोनीतरी अर्धं खाऊन सोडलेलं आहे. दुसऱ्याचं उष्टं वाघ खात नाई.”

आता शेजारच्या दोन गावांतूनही मागणी आली आहे. माझं सॉफ्टवेअर तर एव्हाना पुरतं बंद पडलेलं. मी राजूभाऊला माझा साधा, जसाच्या तसा पासपोर्ट फोटो पाठवला आणि कपाळावर तेवढी इंग्रजी अक्षरं टाकायला सांगितलं. (त्यांच्याशिवाय लोक मुखवटा असली मानत नाहीत.) छापून झाले, वाटून झाले, लोक ते बांधून महिनाभर जंगलात फिरलेसुद्धा. हे कार्टून नाही, ही गोष्ट अजून कोणाच्याही लक्षात आलेली नाही. वाघाच्याही नाही.